घायपात, दोन टक्के

मराठीत या झाडाला घायपात म्हणतात.
घाय आधी, पात नंतर.
एदिवानियाला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही.
"कुणीतरी पाहून ठेवलेलं नाव आहे," म्हणाली,
आणि टाकीतून पुढची तुळई उचलली.

बाहियातली कोरडी दुपार. बाहेर शेळ्यासुद्धा
सावलीची रुंदी मोजून बसलेल्या.
इथे मात्र अठ्ठावीस दिवस
पाण्याखाली गप्प पडून होत्या तुळया,
अंगावर मेणखडूचे आकडे :
शून्य, एक, दोन, तीन, चार.
शेकडा एवढं घायपात, बाकी सगळं तेच.
तीच वाळू, तेच सिमेंट, त्यात भाजक्या मातीची पूड,
कारण सिमेंटमधला चुना तंतूला खातो,
घाई न करता, वर्षानुवर्षं,
आणि मग भिंतीत नुसती बिळं उरतात.

शून्याची तुळई आधी.
यंत्राने वरून दाबलं
आणि काहीएक न सांगता ती मोडली.
दोन तुकडे. खडूचे व्हावेत तसे.
एकची जराशी कुरकुरली, मग तीही गेली.

दोनला खालून तडा गेला,
केसाएवढा, मग काडीएवढा.
काटा घसरला, थबकला,
आणि पुन्हा वर चढू लागला.
वाकून पाहिलं तर फटीत तंतू,
या काठापासून त्या काठापर्यंत,
ताणलेले, पिवळट, एकेक सुटत,
पण सगळे एकदम नाहीत.

तीन? तीही धरते, पण लवकर दमते.

चारची कालवतानाच बिनसली होती.
तंतूंचे गोळे झाले, कावळ्याच्या घरट्यासारखे,
थापी आत शिरेना,
मिश्रण नुसतं पाणी पाणी करत राहिलं.
आता यंत्राखाली ती शून्याच्याही आधी बसली.
आत सगळ्या पोकळ्या. मध नसलेलं पोळं.

दारात टोपी हातात घेऊन तिचे वडील उभे होते.
जेनिवाल्दु. सकाळच्या बसने आलेले,
लेक काय करते ते एकदा बघायला.
"जास्त घातलंस," ते म्हणाले.
"हो बाबा. किती झालं की जास्त होतं, तेच बघायचं होतं."
"मीही घातलं होतं जास्त."

मग थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"किलोवर मजुरी. यंत्राला पान एकेक भरवायचं असतं.
त्या शुक्रवारी मी तीन तीन भरवली.
हिच्यासाठी बूट घ्यायचे होते.
तिसरं अडकलं. मी ओढलं मागे,
पण पान हात सोडेना.
सोडत नाही ते. त्याचा गुणच तो."
डावा हात त्यांनी दाखवला नाही, लपवलाही नाही.
अंगठा आणि करंगळी, मधे काही नाही.

"बूट आले का?" मी विचारलं, आणि लगेच वाटलं, नको होतं विचारायला.
"आले," एदिवानिया म्हणाली. "एक नंबर मोठे."

त्यांनी करंगळी दोनच्या तड्यात घातली,
एक तंतू हलकेच छेडला.
"ही मोडली म्हणायची का?"
"वहीत तसंच लिहितो. पहिला तडा गेला की."
"आणि त्यानंतर जे धरून बसलीय ते?"
"त्याला वेगळा रकाना आहे."
"बरं केलंत," ते म्हणाले.

मग त्यांना ती तुळई घरी न्यायची होती,
शेळ्यांच्या गव्हाणीखाली टेकू म्हणून.
नमुने सहा महिने ठेवावे लागतात, ती सांगत राहिली,
तोवर त्यांनी एक टोक उचललंही होतं,
दुसरं मी धरलं.
जड होती. मधे किंचित लवली,
फटीतून थोडी वाळू सांडली माझ्या चपलेवर.
दारापर्यंत तिघं तशीच गेलो,
ती "बाबा, खाली ठेवा" म्हणत,
आणि तुळई
मोडलेली, एकच.